कोकणात सापाची अंडी उबवण्यासाठी कोणते इनक्युबेटर घ्यावे? तीन हंगामांनंतरचा अभिप्राय

आमचे घर रत्नागिरीत किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. माझ्याकडची कॉर्न स्नेक या उत्तर अमेरिकेतल्या सापाची मादी दरवर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात अंडी घालते. त्या दिवसांत दुपारी दोनच्या सुमारास वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३४ अंश सेल्सियस तापमान असते, हवा घामट असते आणि वाऱ्याचा पत्ता नसतो. कॉर्न स्नेकच्या अंड्यांना मात्र २६ ते २९ अंशांच्या दरम्यानचे, शक्यतो २८ अंशांचे स्थिर तापमान लागते. म्हणजे ज्या यंत्राला आपण अंडी ‘उबवण्याचे’ यंत्र म्हणतो, त्याने माझ्या घरी पहिले तीन आठवडे अंड्यांना ऊब देण्याऐवजी गारवा द्यायचा असतो. ही साधी गोष्ट मला पहिल्या वर्षी कळली नाही आणि त्या अज्ञानाची किंमत अंड्यांनी मोजली. त्यानंतरच्या दोन हंगामांत मी दोन निराळी साधने वापरली. या तिन्ही साधनांविषयी सविस्तर लिहावे, म्हणजे किनारपट्टीवर राहणाऱ्या दुसऱ्या कोणा सर्पपालकावर तीच वेळ येणार नाही, यासाठी हा अभिप्राय आहे.

यंत्रांकडे वळण्यापूर्वी कायद्याविषयी स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडचे देशी साप घरात पाळता येत नाहीत आणि त्यांची अंडीही घरी आणून उबवता येत नाहीत. गवताच्या उडवीत किंवा परसातल्या दगडांखाली धामणीची अंडी सापडली, तर ती तशीच ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. ती इनक्युबेटरमध्ये आणून ठेवण्याचा मोह कोणीही धरू नये. विदेशी सापांपैकी बॉल पायथन हा आफ्रिकेतला छोटा अजगर साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. अधिनियमात २०२२ मध्ये झालेली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेली दुरुस्ती पाहता, अशा प्राण्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, जन्मलेल्या पिल्लांचीही नोंद द्यावी लागते आणि प्रजननासाठी परवाना लागतो. उत्तर अमेरिकेतला कॉर्न स्नेक या परिशिष्टांत नाही. तरीही खरेदीची कागदपत्रे मी एका फायलीत जपून ठेवलेली आहेत आणि प्रत्येकाने ती ठेवावीत. ज्याच्याकडे हे कागद पूर्ण नाहीत, त्याने इनक्युबेटरच्या खरेदीचा विचार आधी करू नये.

आता अंड्यांविषयी. सापाचे अंडे कोंबडीच्या अंड्यासारखे टणक कवचाचे नसते. त्याचे कवच चामड्यासारखे लवचीक असते आणि त्यातून पाण्याची वाफ सहज आतबाहेर जाते. कोरडी हवा मिळाली की ते खपाटीला जाते आणि ओलावा मिळाला की पाणी शोषून फुगते. निरोगी अंडे दोन महिन्यांत आकाराने आणि वजनाने वाढते. दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. खुडूक बसलेली कोंबडी आपली अंडी दिवसातून कित्येकदा चोचीने परतते आणि ती परतली नाहीत तर गर्भ कवचाला चिकटून मरतो. सापाच्या अंड्यात नेमके उलटे घडते. अंडे घातल्यानंतर साधारण पहिल्या २४ तासांत गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला एका जागी स्थिरावतो आणि त्यानंतर अंडे उलटे केले तर तो गुदमरण्याची शक्यता असते. त्यामुळे अंडी उचलताना वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने बारीक खूण करावी आणि ती खूण शेवटपर्यंत वरच राहील असे पाहावे. एकमेकांना घट्ट चिकटलेली अंडी ओढून सोडवू नयेत. गुच्छ आहे तसाच ठेवावा.

पहिल्या वर्षी मी घेतले ते कोंबडीच्या अंड्यांसाठी बनवलेले उबवणी यंत्र. ते सहज मिळाले, किंमत आवाक्यात होती, आणि गावठी कोंबड्या पाळणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना त्याचा चांगला अनुभव होता. त्यांच्या कामासाठी ते यंत्र खरोखरच उत्तम आहे, हे मी आजही सांगेन. कोंबडीच्या अंड्यांना ३७.५ अंश तापमान लागते, म्हणजे खोली कितीही तापली तरी यंत्राला वर चढायला जागा उरते. मी त्यातला अंडी फिरवणारा ट्रे काढला, तापमान २८ वर लावले आणि निश्चिंत झालो. दुपारी पाहतो तो पडद्यावर ३४.८. हीटर बंदच होता. आतला पंखा अखंड फिरत होता, त्याच्या मोटरची उष्णता आतच कोंडत होती आणि खोलीपेक्षा पेटी अधिक तापत होती. शिवाय त्या पंख्याच्या वाऱ्याने चौथ्या दिवशी अंड्यांवर अंगठा दाबल्यासारखे खळगे दिसू लागले. १२ अंड्यांपैकी तीनच अखेरपर्यंत टिकली. त्यांतली दोन पिल्ले पाठीच्या कण्यात वाक घेऊन जन्माला आली आणि जगली नाहीत. उबवणीत तापमान फार चढले की असे व्यंग येते, हे सर्पपालनातले जुने आणि सर्वज्ञात निरीक्षण आहे. मी ते वाचलेलेही होते. वाचलेले आणि समोर तळहातावर पाहिलेले यांत किती अंतर असते, ते त्या सकाळी कळले.

त्या वर्षी काढलेल्या निष्कर्षावरच पुढची सगळी निवड झाली. सापाच्या अंड्यांना तापमान कमी झालेले पुष्कळ सोसते, जास्त झालेले सोसत नाही. कॉर्न स्नेकची अंडी काही तास २३-२४ अंशांवर राहिली, तर पिल्ले थोडी उशिरा बाहेर येतात, एवढाच फरक पडतो. तीच अंडी ३४-३५ अंशांवर रोज दुपारी राहिली, तर होत्याचे नव्हते होते. म्हणून किनारपट्टीवर इनक्युबेटर पारखताना ‘हे किती तापवते’ हा प्रश्न जवळजवळ निरर्थक आहे. ‘बाहेर ३५ असताना हे आत २८ ठेवू शकते का, आणि वीज गेल्यावर किती वेळ ठेवू शकते’ हाच प्रश्न दुकानदाराला विचारावा.

दुसऱ्या वर्षी मिरकरवाडा बंदरावरून मासे भरण्याचा जाड थर्माकोलचा खोका आणला. या खोक्याविषयी मला फार आदर आहे. त्याच्या भिंती दीड इंचाच्या असतात, झाकण घट्ट बसते आणि बर्फ दिवसभर टिकवणे हेच त्याचे काम असल्याने तो उष्णता अडवण्यात दुकानातल्या अनेक महागड्या पेट्यांना मागे टाकतो. नवा खोका घ्यावा. वापरलेल्याचा वास आणि चिकटपणा कितीही धुतला तरी जात नाही आणि त्यावर माश्या येतात. खोक्याच्या तळाशी मी पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या सहा बाटल्या ठेवल्या, त्यांवर जाळी, जाळीवर अंड्यांचा डबा आणि बाजूने १५ वॅटची उष्णता देणारी पट्टी. नियंत्रणासाठी इंकबर्ड कंपनीचा आयटीसी-३०८ हा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान नियंत्रक, जोडला. याला तापवणे आणि थंड करणे यांसाठी दोन वेगळी प्लगची जागा असते, ०.१ अंशापर्यंत आकडा दिसतो, आकड्यात फरक आढळला तर तो दुरुस्त करण्याची सोय असते आणि तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की तो मोठ्याने वाजतो. रात्री झोपेतून उठवणारा हा आवाज मला त्या सगळ्या सामानात सर्वांत मोलाचा वाटला.

पाण्याच्या बाटल्या कशासाठी, असे मला अनेकांनी विचारले. हवेला उष्णता धरून ठेवता येत नाही. झाकण उघडले की ती निसटते. पाणी मात्र सावकाश तापते आणि सावकाश निवते. सहा लिटर पाणी आत असल्यावर झाकण मिनिटभर उघडे राहिले तरी अंड्यांच्या डब्यातला आकडा हलत नाही. पावसाळ्यात एका रात्री सहा तास वीज नव्हती. बाहेर २५ अंश होते आणि खोक्यातले तापमान २८ वरून २६.९ वर आले, त्याहून खाली गेले नाही.

मात्र मे महिन्यात या खोक्याने माझी दमछाक केली. त्याला थंड करण्याचे काही साधन नव्हते. खोका मी माडीवरून खाली माजघरात आणला, तिथे जाड चिऱ्याच्या भिंतींमुळे दुपारी ३० अंशांच्या वर पारा जात नाही. तरीही दोन अंशांचे अंतर उरलेच. ते भरून काढण्यासाठी गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून सकाळी अकरा वाजता आणि दुपारी तीन वाजता आत ठेवायची, हा क्रम २४ दिवस चालला. बाटली ठेवली की तापमान २५.५ पर्यंत उतरायचे, वितळली की ३० पर्यंत चढायचे. एकदा लग्नकार्याला लांज्याला जावे लागले, तेव्हा आईला बाटल्या बदलायला सांगून गेलो आणि दिवसभर तिला फोन करत राहिलो. त्या वर्षी १३ अंड्यांतून नऊ पिल्ले निरोगी बाहेर आली. एकूण खर्च साडेतीन हजारांच्या आत. ज्याचे घर जुने, कौलारू आणि गार आहे व जो दिवसभर घरी असतो, त्याला मी आजही हाच खोका सुचवेन.

तिसऱ्या वर्षी मात्र नोकरीमुळे दुपारी घरी राहणे अशक्य झाले आणि मी थंड व गरम दोन्ही करणारे छोटे विद्युत कपाट घेतले. या अभिप्रायाचा मुख्य विषय तेच आहे. त्यात फ्रीजसारखा कॉम्प्रेसर नसतो. पेल्टिए नावाची एक चपटी चकती असते. तिच्यातून वीज गेली की तिची एक बाजू गार होते आणि दुसरी तापते, आणि विजेची दिशा उलटवली की बाजूंची अदलाबदल होते. त्यामुळे एकच चकती उन्हाळ्यात गारवा आणि पावसाळी रात्री ऊब देते. वीज खाण्याच्या मानाने तिचे काम कॉम्प्रेसरपेक्षा कमी असते आणि बाहेरच्या हवेपेक्षा ती फार खाली उतरू शकत नाही. पण मला सहा-सात अंशच उतरायचे असतात आणि तेवढे ती शांतपणे, धक्का न देता करते. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी म्हणून विकली जाणारी कपाटे आणि औषधे किंवा पेये गार ठेवण्यासाठी विकली जाणारी कपाटे आतून पुष्कळदा सारखीच असतात. फरक नियंत्रकात असतो, आणि तो फरकच निर्णायक ठरतो.

तो कसा, हे सांगतो. माझ्याकडे आलेल्या पहिल्या कपाटाची मी अंडी येण्याआधी चाचणी घेतली. २८ अंश लावले, चार तासांनी आतला आकडा २८ वर स्थिर झाला. मग मी प्लग काढला, मिनिटभर थांबलो आणि पुन्हा लावला. पडद्यावर २८ ऐवजी १२ आले. वीज परत आली की ते कपाट कारखान्यात ठरवलेल्या आकड्यावर जात होते आणि जोमाने थंड करू लागत होते. दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावात याचा अर्थ काय होतो, तो वेगळा सांगायला नको. विक्रेत्याला फोन केला तेव्हा ‘वीज जाऊ देऊ नका’ असे उत्तर मिळाले. तीन आठवड्यांच्या पत्रव्यवहारानंतर कपाट परत घेतले गेले. दुसरे कपाट मी दुकानात स्वतः जाऊन, तिथेच प्लग काढून-लावून पाहून मगच घेतले; ते लावलेला आकडा लक्षात ठेवते. ही चाचणी एका मिनिटाची आहे आणि ती केल्याशिवाय कोणीही पैसे देऊ नयेत.

आता या दुसऱ्या कपाटाचे गुणदोष. मला ते साडेबारा हजारांना पडले. आत सुमारे ३० लिटर जागा आहे, दोन जाळ्या बसतात आणि अंड्यांचे चार डबे आरामात मावतात. दार काचेचे आहे. ते दिसायला छान असले तरी सगळी उष्णता तिथूनच आत येते. मी बाहेरून इंचभर जाडीचा थर्माकोलचा तक्ता लावला आणि पाहण्यापुरती एक खिडकी कापून ठेवली. तेवढ्याने दुपारी यंत्रावरचा भार लक्षात येण्याइतका कमी झाला. पडद्यावर २८ दिसत असताना मी वरच्या आणि खालच्या जाळीवर वेगवेगळे प्रोब (तारेच्या टोकाचे तापमान मोजणारे संवेदक) ठेवून पाहिले, तर वर २८.९ आणि खाली २७.२ निघाले. १.७ अंशांचा हा फरक मला मान्य होण्यासारखा नव्हता. संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा मंद गतीवर लावून, त्याचा झोत डब्यांकडे न जाता मागच्या भिंतीकडे जाईल असा वळवल्यावर फरक ०.६ वर आला. एवढ्या किमतीच्या कपाटात हा पंखा आधीच असायला हवा होता.

दुसरी अडचण दमट हवेची. मे महिन्यात दार उघडले की बाहेरची ओली हवा आत शिरते आणि गार झालेल्या मागच्या पत्र्यावर तिचे पाणी होते. हे पाणी खालच्या तबकात जमते. ते मला दर तिसऱ्या दिवशी रिकामे करावे लागले. एकदा विसरलो तेव्हा ते खालच्या जाळीवरच्या डब्याखाली साचले. डब्याला झाकण होते म्हणून अंडी वाचली. अंड्यांवर पाण्याचा थेंब सतत पडत राहिला तर तिथे डाग पडून बुरशी धरते. म्हणून मी डब्यांची झाकणे किंचित तिरकी बसवतो, म्हणजे आतल्या वाफेचे थेंब कडेने ओघळून जातात.

खाऱ्या हवेचा त्रास किनाऱ्याबाहेरच्या लोकांना कळणार नाही. आमच्या इथे दाराच्या बिजागऱ्या दोन वर्षांत गंजतात, मग मागच्या पंख्याचे काय सांगावे? कपाटाच्या मागे उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची पाती असतात. त्यांत धूळ आणि खारट ओल मिळून राखाडी थर बसतो आणि थंड करण्याची ताकद हळूहळू घटते. माझ्या कपाटात जुलैपर्यंत एवढा थर बसला होता की कोरड्या ब्रशने झाडल्यावर जमिनीवर चिमूटभर पूड पडली. त्यामुळे कपाट भिंतीपासून निदान वीतभर पुढे ठेवावे, समुद्राकडच्या खिडकीजवळ ठेवू नये आणि महिन्यातून एकदा प्लग काढून मागची बाजू झाडावी. सुटा पंखा मिळतो का, हेही खरेदीच्या वेळीच विचारावे. मला तो विक्रेत्याकडे मिळाला नाही, पण नेहमीच्या मापाचा असल्याने संगणक दुरुस्तीच्या दुकानात मिळाला.

कोणत्याही यंत्राच्या स्वतःच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, हे मी फार आग्रहाने सांगतो. प्रोब तपासण्याची घरगुती रीत सोपी आहे. स्टीलच्या पेल्यात बर्फाचा चुरा भरावा, त्यात थोडेच गार पाणी घालावे, ढवळून पाच मिनिटे थांबावे आणि प्रोबचे टोक मध्यभागी धरावे. आकडा शून्यावर यायला हवा. माझ्या तीन प्रोबपैकी एकाने ०.१ दाखवले, दुसऱ्याने ०.३ आणि तिसऱ्याने १.४. तिसरा मी टाकून दिला. प्रोब कपाटाच्या हवेत लोंबकळत ठेवण्याऐवजी अंड्यांच्या डब्यात, अंड्यांच्या उंचीवर ठेवावा. आपल्याला अंड्यांचे तापमान हवे असते, हवेचे नव्हे.

डब्यात मी व्हर्मिक्युलाइट हे ओल धरून ठेवणारे हलके, भुसभुशीत खनिज वापरतो. वजनाने जेवढे व्हर्मिक्युलाइट तेवढेच पाणी, असे प्रमाण सर्वत्र सांगितले जाते. आमच्या हवेत मी पाणी थोडे कमी, म्हणजे १०० ग्रॅमला ८० ग्रॅम घेतो. मुठीत घट्ट दाबल्यावर थेंब पडू नये आणि मूठ उघडल्यावर गोळा मोडू नये, एवढी ओल पुरते. अंडी त्यात निम्मी रुतवून ठेवावीत. पाच-सहा दिवसांतून एकदा झाकण उघडून हवा बदलावी आणि त्याच वेळी अंधारात टॉर्च लावून एखादे अंडे न हलवता पाहावे. जिवंत अंड्यात गुलाबी उजेडात लाल शिरांचे जाळे दिसते; पिवळसर, निर्जीव उजेड दिसला तर अंडे फळलेले नाही असे समजावे. बुरशी धरलेले अंडे मोकळे असेल तर काढावे, गुच्छात असेल तर तसेच राहू द्यावे. शेजारचे निरोगी अंडे बहुधा तग धरते. पावसाळ्यात बारीक माश्यांपासून मात्र जपावे लागते. त्या अंड्यांवर अंडी घालतात आणि अळ्या कवचातून आत शिरतात. डब्याच्या हवेच्या छिद्रांवर मलमलचा तुकडा चिकटवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

विजेविषयी वेगळे लिहिले पाहिजे, कारण आमच्याकडे मृगाचा पहिला पाऊस आणि पहिला मोठा वीजखंड बरोबरच येतात. माझ्या कपाटाला जास्तीत जास्त ६५ वॅट लागतात. घरातल्या १५० अँपिअर-अवर बॅटरीच्या इन्व्हर्टरवर, बाकी सगळे बंद ठेवले तर, ते २० तास चालावे असा हिशेब येतो. प्रत्यक्षात मी सलग नऊ तास चालवून पाहिले आहे. वादळात मात्र तासांचा हिशेब पुरत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तसे पुन्हा झाले तर मी अंड्यांचे डबे कपाटातून काढून माशांच्या खोक्यात, पाण्याच्या बाटल्यांवर ठेवीन आणि झाकण लावीन. पाऊस सुरू झाल्यावर आमच्याकडे रात्री २४-२५ आणि दिवसा २९-३० अंश असतात, तेवढ्यात कॉर्न स्नेकची अंडी विजेशिवाय तरून जातील. कपाट आणले म्हणून मी खोका फेकलेला नाही, तो याचसाठी.

तिसऱ्या हंगामात मादीने १५ अंडी घातली. एक फळलेले नव्हते. ५८व्या दिवशी सकाळी एका अंड्यावर ब्लेडने ओढल्यासारखी बारीक चीर दिसली आणि तिच्यातून पाण्याचा एक थेंब बाहेर आला होता. पिल्लाच्या वरच्या जबड्यावर एक नाजूक अंडदंत असतो, त्याने ते कवच कापते आणि मग नाकपुड्या बाहेर काढून दिवसभर, कधी दोन दिवस, तसेच पडून राहते. उरलेला बलक अंगात मुरवून घेण्याचा तो वेळ असतो. या वेळी त्याला ओढून काढण्याची घाई कोणी करू नये. ६१व्या दिवसापर्यंत १३ पिल्ले बाहेर आली. एक अंड्यातच मेले. वाकडा कणा एकाचाही नव्हता. पहिल्या वर्षीची ती दोन पिल्ले मला तेव्हा फार आठवली.

एक शंका मला वारंवार विचारली जाते. वेळासच्या किनाऱ्यावरच्या कासवांप्रमाणे तापमान बदलून सापाची नर किंवा मादी पिल्ले मिळवता येतात का? येत नाहीत. कासवाच्या अंड्यात वाळूच्या उबेवर लिंग ठरते, पण सापात ते गुणसूत्रांवर ठरते, त्यामुळे यंत्राच्या जाहिरातीत तसे काही सुचवलेले असेल तर ते दुर्लक्षून पुढे जावे.

बॉल पायथन पाळणाऱ्यांसाठी माझा सल्ला थोडा वेगळा आहे. त्यांच्या अंड्यांना ३१ ते ३२ अंश लागतात, म्हणजे आपल्या उन्हाळ्याच्या बरेच जवळ. आपल्याकडच्या अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून, अंग थरथरवून स्वतः उष्णता निर्माण करते. ती ऊब आपल्याला यंत्राने द्यायची असते आणि पावसाळ्यात ती सतत द्यावी लागते. अशा वेळी थंड करणाऱ्या कपाटावर बारा हजार खर्च करण्याची गरज नाही. गार खोलीत ठेवलेला माशांचा खोका, तापवणारी पट्टी आणि चांगला थर्मोस्टॅट एवढ्यावर काम उत्तम होते. फक्त मे महिन्याच्या दुपारी खोली ३२ च्या वर जाणार नाही हे पाहावे.

कपाट घ्यायचेच असेल तर ते मार्चमध्ये घ्यावे. मादी अंडी घालण्यापूर्वी साधारण १० दिवस आधी कात टाकते, आणि कात पाहून खरेदीला निघालेल्या माणसाला यंत्र पारखायला वेळ उरत नाही. रिकाम्या कपाटात ओल्या व्हर्मिक्युलाइटचे डबे ठेवून, एप्रिलच्या उन्हात ते दोन आठवडे चालवावे, दिवसातून तीनदा आकडे वहीत लिहावेत आणि मधूनच न सांगता मेन स्विच बंद करावा. माझी या वर्षीची वही सुरू झाली आहे. काल दुपारी खोलीत ३३.६ आणि डब्यात २८.१ होते.